जी मायनरमधला सिसिलियानो: एका बरोक फ्लूट सोनाटाच्या लयीचे प्रकरण

बाखच्या नावावर असलेल्या ई-फ्लॅट मेजर फ्लूट सोनाटाचा (बाखच्या रचनांच्या सूचीत बीडब्ल्यूव्ही १०३१) मधला भाग उघडला, की कागद वादकाला फार थोडे सांगतो. वर एकच शब्द, ‘सिसिलियानो’, एका झुलत्या नृत्यप्रकाराचे नाव. सुरुवातीला दोन फ्लॅट (स्वर अर्ध्या सुराने उतरवणाऱ्या खुणा), म्हणजे स्वरपट्टी जी मायनर. शेजारी सहा-आठचा ताल. अडाजियो, लार्गो, आंदांते असा लयीचा एकही शब्द नाही. मेट्रोनोमचा, म्हणजे लय मोजणाऱ्या यंत्राचा, आकडा असणे शक्यच नाही, कारण माल्झेलने मेट्रोनोमचे पेटंट घेतले १८१५ साली आणि हे संगीत त्याच्या निदान साठ वर्षे आधीचे आहे.

असे असूनही या भागाची लय प्रत्येकाला आधीपासून ठाऊक असते. फ्लूट शिकणाऱ्या मुलांनी तो कुठेतरी ऐकलेला असतो, पियानो शिकणाऱ्यांनी विल्हेल्म केम्फने केलेल्या पियानो-रूपात ऐकलेला असतो. दिनू लिपात्तीने त्याच रूपाचे ध्वनिमुद्रण केले आणि ते पिढ्यान्‌पिढ्या ऐकले गेले. डोक्यात बसलेले चित्र ठरलेले असते: अतिशय संथ, अतिशय उदास, जवळजवळ शोकगीत.

हे चित्र तपासून बघायची वेळ माझ्यावर आली ती एका तरुण फ्लूटवादिकेला साथ करताना. ती फ्लूटवर, मी कीबोर्डवर, आणि दोघांची लय जुळेना. ती मागे ओढत होती, मी पुढे. शेवटी तिने विचारले, “सर, एवढं पुढे नेलं तर त्यातलं दुःख कुठे जाईल?” प्रश्न नेमका होता. लय, स्वरपट्टी आणि भाव या तिन्ही गोष्टी तिने एका वाक्यात बांधल्या होत्या, आणि त्यातले ‘दुःख’ मात्र तिने गृहीत धरले होते. मीही तोवर ते कधी तपासले नव्हते. म्हणून आम्ही वाजवणे थोडे बाजूला ठेवून पुरावे गोळा केले. ते इथे मांडतो आहे. माझे म्हणणे आधीच सांगून टाकतो: हा भाग आज जितका संथ आणि जितका दुःखी वाजवला जातो, तितका संथ आणि तितका दुःखी असण्याला त्या काळातला आधार फार थोडा आहे.

मोजायचे कसे

सोयीसाठी एका क्वेव्हरला (सहा-आठमधला ‘आठ’ ज्या छोट्या स्वराचा, त्याला) एक मात्रा म्हणू. मग सहा-आठच्या एका बारमध्ये, म्हणजे दोन उभ्या रेघांमधल्या आवर्तनात, सहा मात्रा होतात, तीन-तीनच्या दोन गटांत. आपल्या दादऱ्याची विभागणी हीच. सिसिलियानोची ओळख पटते ती या तीन मात्रांच्या आतल्या वाटणीवरून: दीड मात्रा, मग अर्धी मात्रा, मग एक मात्रा. लांब, चिमुकला, मध्यम. पाळण्याला दिलेल्या झोक्यासारखी ही चाल आहे आणि तीन मात्रांच्या गटाला मी पुढे ‘झोका’ असेच म्हणणार आहे. फ्लूट ही चाल गाते तेव्हा हार्प्सिकॉर्डचा (तारा छेडणाऱ्या जुन्या कीबोर्ड-वाद्याचा) उजवा हात बहुतेक वेळ अर्ध्या मात्रेच्या स्वरांनी सूर विखरून वाजवत असतो. ही विखुरलेली साथ लक्षात ठेवा, लयीच्या निर्णयात तिचे मत मोठे आहे.

वादिकेची लय होती मिनिटाला सुमारे ८० मात्रा, म्हणजे जवळजवळ २७ झोके. एका बारला साडेचार सेकंद. माझी होती १२० मात्रा, म्हणजे ४० झोके, बारला तीन सेकंद. फरक दीडपटीचा, म्हणून दोघांनी मिळून मधला मार्ग काढावा असे म्हणून भागणार नव्हते.

रचना कोणाची, आणि त्याने काय बिघडते

या सोनाटाची बाखच्या हातची प्रत नाही. अठराव्या शतकाच्या मध्याच्या नकलांवर त्याचे नाव आहे, पण शैली पाहून अभ्यासकांनी बराच काळ शंका घेतली आहे. विसाव्या शतकात बाखच्या समग्र साहित्याची नवी आवृत्ती निघाली तेव्हा फ्लूटच्या खंडातून हा सोनाटा आधी वगळलाच गेला. बाखचा मुलगा कार्ल फिलिप इमानुएल याचे नाव पुढे आले. योहान योआखिम क्वांट्स याच्या ई-फ्लॅटमधल्याच एका त्रिकूट-सोनाटाशी असलेले साम्यही दाखवले गेले. वाद मिटलेला नाही.

एरवी हा वाद फक्त ग्रंथालयातला वाटेल. लयीच्या प्रश्नात मात्र तो उपयोगी पडतो. रचना थोरल्या बाखची असो, मुलाची असो किंवा क्वांट्सचा नमुना समोर ठेवून कोणी केलेली असो, सगळे धागे ड्रेस्डेन आणि बर्लिनच्या फ्लूटवेड्या दरबारी वर्तुळाकडे जातात. आणि त्या वर्तुळात फ्लूटच्या लयीवर आकड्यांसकट लिहिणारा माणूस म्हणजे खुद्द क्वांट्स (१६९७–१७७३). तो ड्रेस्डेनच्या दरबारी वाद्यवृंदात होता, १७४१ पासून प्रशियाचा राजा फ्रेडरिक याच्या पदरी राहिला, राजाचा फ्लूटगुरू होता. १७५२ साली बर्लिनमध्ये त्याचा फ्लूटवादनावरचा मोठा ग्रंथ प्रसिद्ध झाला. लेखकाबद्दलची शंका जितकी वाढते, तितका हा साक्षीदार रचनेच्या जवळ येतो. म्हणून या प्रकरणात त्याला मी पहिला मान देतो.

क्वांट्सची साक्ष

क्वांट्सने लयीसाठी माणसाची नाडी वापरली. निरोगी, उत्साही माणसाची, दुपारच्या जेवणानंतर संध्याकाळकडे चालणारी नाडी, मिनिटाला साधारण ८० ठोके. या ठोक्यांवर त्याने वेगवेगळ्या लयी बसवल्या. साध्या चौपदरी तालातल्या गाण्यासारख्या अडाजियोला, म्हणजे संथ भागाला, त्याने एका क्वेव्हरला एक ठोका दिला. म्हणजे मिनिटाला ८० क्वेव्हर. आमच्या वादिकेची लय तंतोतंत हीच होती, हे मला त्या क्षणी उमगले आणि तिच्या कानाचे कौतुक वाटले. नकळत तिने सिसिलियानोला अडाजियो समजून वाजवले होते.

पण सिसिलियानोबद्दल क्वांट्स वेगळे बोलतो. बारा-आठमधल्या सिसिलियानोत प्रत्येक क्वेव्हरला एक ठोका मोजला तर लय फार संथ होईल, असे तो स्पष्ट लिहितो. म्हणजे जी लय आज सर्रास ऐकू येते, तिलाच तो नाव घेऊन नको म्हणतो. पुढे तो उपाय सांगतो: दोन ठोके तीन भागांत वाटा, म्हणजे पहिल्या आणि तिसऱ्या क्वेव्हरवर ठोका येईल. एकदा हे तीन स्वर असे बसले की नाडीकडे लक्ष देऊ नका, नाहीतर तिसरा क्वेव्हर जास्त लांब होईल.

हा उतारा वाचताना थांबावे लागते, कारण त्यातून दोन उत्तरे निघतात. दोन ठोक्यांत तीन मात्रा, हे शब्दशः घेतले तर दीड सेकंदाला तीन मात्रा, म्हणजे मिनिटाला १२० मात्रा आणि ४० झोके. पण पहिल्या आणि तिसऱ्या मात्रेवर ठोका येतो, हे शब्दशः घेतले तर दोन मात्रांना एक ठोका होतो. मग मिनिटाला १६० मात्रा, म्हणजे ५३ झोके. तिसरी मात्रा लांबण्याची जी भीती क्वांट्स घालतो ती या दुसऱ्या अर्थाशी अधिक जुळते, कारण तिसऱ्या मात्रेनंतर पुढच्या ठोक्याची वाट पाहत बसलो तर ती मात्रा खरोखर दुप्पट होईल. मला दुसरे वाचन पटते, पण पहिले चूक आहे असे म्हणण्याइतका पुरावा माझ्याकडे नाही. दोन्ही वाचनांत एक गोष्ट समान आहे. २७ झोक्यांची लय दोन्हीत बसत नाही.

क्वांट्स बारा-आठबद्दल लिहितो आणि आपला भाग सहा-आठमध्ये आहे, हा आक्षेप रास्त आहे. पण झोका दोन्हीत तोच, फक्त बारची रेघ दुप्पट वेळा येते. त्याने लय संथ व्हावी असे कारण मला दिसत नाही.

दुसरा उतारा त्याच्या अडाजियोवरच्या प्रकरणात आहे. सिसिलियानो त्याने त्या प्रकरणात घेतला आहे, म्हणजे तो संथ कुळातला आहे हे त्याला मान्य आहे. पण तिथे येऊनही तो सांगतो की हा प्रकार अगदी साधेपणाने, फार संथ न करता आणि जवळजवळ मुरक्यांशिवाय वाजवावा. जोडून घेतलेले काही बारीक स्वर आणि टेकून घेतलेले स्वर सोडले तर अलंकार नकोत, कारण ही सिसिलीच्या मेंढपाळांच्या नृत्याची नक्कल आहे. बाकीच्या अडाजियोत हाच क्वांट्स पानेच्या पाने भरून स्वरांची सजावट शिकवतो. इथे मात्र हात आखडता घेतो. पायांना ताल धरता यावा अशी लय त्याच्या डोळ्यांसमोर आहे, हे यातून कळते.

जी मायनर दुःखी आहे का

इथे मराठी वाचकाच्या मनात एक शंका येईल, आणि ती यायलाच हवी. आपल्याकडे गायकाने काळी एक सोडून पांढरी चार घेतली म्हणून यमनचा भाव बदलत नाही. सा कुठेही धरा, राग तोच. मग जी मायनर आणि सी मायनर यांत भावाचा फरक कसा? दोन्ही ठिकाणी स्वरांची रचना ढोबळमानाने आसावरी थाटाचीच, फक्त सा पांढरी पाचवर की पांढरी एकवर एवढाच फरक.

बरोक काळातल्या माणसाला हा फरक खरा वाटत होता आणि त्याला दोन ठोस कारणे होती: सूर लावण्याची पद्धत आणि वाद्याची बांधणी. पण कारणांआधी मते बघू.

हँबुर्गच्या योहान मॅथेसनने १७१३ साली स्वरपट्ट्यांचे स्वभाव लिहिले. जी मायनरला तो जवळजवळ सर्वांत सुंदर स्वर मानतो. त्यात गांभीर्य आहे पण त्याला टवटवीत गोडवा मिसळलेला आहे, ओढ आहे तसे समाधानही आहे, आणि मर्यादेतली तक्रार व मर्यादेतला आनंद दोन्ही त्यात शोभतात असे त्याचे मत. फ्रान्समध्ये संगीतकार रामोने १७२२ साली जी मायनर गोडवा आणि हळुवारपणा यांसाठी सांगितला, विलापासाठी सी मायनर आणि एफ मायनर वेगळे काढले. त्याआधी शार्पांतियेने जी मायनरला गंभीर आणि भव्य म्हटले होते. मते एकसारखी नाहीत, आणि मॅथेसन स्वतःच कबूल करतो की याबाबत ज्याचे त्याचे मत वेगळे असू शकते. पण रडणारा, खचलेला जी मायनर या तिघांपैकी एकाकडेही नाही.

तो सापडतो नंतर. शूबार्ट या जर्मन संगीत-लेखकाने अठराव्या शतकाच्या अखेरीस लिहिलेले आणि १८०६ साली छापून आलेले वर्णन वाचले की जी मायनर असमाधान, अस्वस्थता, फसलेल्या बेताची टोचणी असा होतो. मधल्या काळात मोझार्टची जी मायनर सिंफनी (१७८८) येऊन गेलेली होती. आपले आजचे कान शूबार्ट आणि मोझार्टच्या बाजूचे आहेत. बरोक सिसिलियानोतही आपल्याला ती टोचणी ऐकू येते. आपण ती आणतो, ती तिथे नव्हती.

क्वांट्सकडे परत येऊ, कारण या प्रकरणातला मला सर्वांत पटलेला मुद्दा त्याच्यापाशी आहे. अडाजियोच्या प्रकरणात तो म्हणतो की ए मायनर, सी मायनर, ई-फ्लॅट मेजर आणि एफ मायनर हे स्वर उदासी इतर मायनरांपेक्षा कितीतरी चांगली व्यक्त करतात. बाकीचे मेजर-मायनर प्रसन्न, गाण्यासारख्या भागांसाठी. उदासीच्या यादीत जी मायनर नाही. सी मायनर आहे.

आता सोनाटाची रचना पाहा. पहिला आणि तिसरा भाग ई-फ्लॅट मेजरमध्ये. मधला भाग मायनरमध्ये हवा असेल तर ई-फ्लॅटचा सख्खा शेजारी म्हणजे सी मायनर. तेच तीन फ्लॅट, तेच स्वर. रचनाकाराला शोक हवा असता तर दार उघडेच होते, शिवाय त्या काळाच्या समजुतीप्रमाणे तेच दार शोकाचे. त्याने ते सोडून एक पायरी पलीकडचा जी मायनर घेतला. एवढ्यावरून निर्णय द्यावा इतका हा पुरावा भक्कम नाही, मेजर सोनाटात मधला भाग या दुसऱ्या मायनरमध्ये ठेवण्याची उदाहरणे आहेत. पण निवड होती, आणि निवड उदासीपासून दूर जाणारी होती.

क्वांट्सच्या यादीला भोक आहे, तेही दाखवतो. ई-फ्लॅट मेजरही तो उदास गटात टाकतो, आणि या सोनाटाचे बाहेरचे दोन्ही भाग ई-फ्लॅटमध्ये असून चांगले उत्साही आहेत. तेव्हा यादी म्हणजे कायदा नव्हे.

सूर आणि छिद्रे

आता कारणे. त्या काळी कीबोर्ड समान अंतरांवर लावत नसत. आंद्रेआस वेर्कमाइस्टरने १६९१ साली मांडलेली एक पद्धत घेऊ. तीत सा ते कोमल ग हे अंतर स्वरपट्टीप्रमाणे बदलते. सी मायनर आणि एफ मायनरमध्ये ते २९४ सेंट (सेंट म्हणजे आजच्या अर्ध्या सुराचा शंभरावा भाग), जी मायनरमध्ये ३००, ए मायनरमध्ये ३१२. नैसर्गिक कोमल गंधाराचे अंतर ३१६ सेंट. म्हणजे सी आणि एफ मायनरचा गंधार उतरलेला, आक्रसलेला लागतो, जी मायनरचा मधोमध. क्वांट्सने सी आणि एफ मायनर उदास का म्हटले असावेत याचा हा एक धागा. ए मायनरला मात्र तो लागू पडत नाही, तिथला गंधार तर जास्त गोड आहे, तरी तो यादीत आहेच. सगळे उत्तर सुरांच्या अंतरात नाही.

दुसरा धागा फ्लूटच्या लाकडात आहे. बरोक फ्लूटला सहा छिद्रे आणि करंगळीसाठी एक चावी. छिद्रे क्रमाने उघडत गेलो की डी मेजर वाजतो, तो या वाद्याचा घरचा सूर. बाकीचे स्वर काढायला मधले छिद्र उघडे ठेवून खालचे झाकावे लागते. आपल्या बासरीवाल्याला अर्धे छिद्र झाकण्याची सवय असते, त्यामुळे ही अडचण त्याला चटकन कळेल. असे आडवळणाने काढलेले स्वर मऊ, झाकलेले लागतात. जी मायनर या वाद्यावर वाजवून पाहिला तर सा, शुद्ध रे आणि प मोकळे, खणखणीत. कोमल ग, म आणि कोमल नी झाकलेले. कोमल ध चावीवरचा. उजेड आणि सावली प्रत्येक ओळीत आपोआप पडते. बाखचे निर्विवाद फ्लूट सोनाटे बी मायनर, ई मायनर, ए मेजर, ई मेजर असे शार्पच्या (स्वर चढवणाऱ्या खुणांच्या) बाजूचे आहेत; फ्लॅटच्या बाजूचा हा सोनाटा त्या वाद्यावर मुळातच मंद उजेडात वाजतो. ई-फ्लॅट आणि डी-शार्प वेगळे काढता यावेत म्हणून क्वांट्सने १७२६ साली फ्लूटला दुसरी चावी बसवली, यावरून त्या वर्तुळात फ्लॅटच्या स्वरांबद्दल कान किती जागे होते ते दिसते.

थिओबाल्ट बोमने १८४७ साली जो धातूचा फ्लूट सिद्ध केला त्यात सगळे स्वर सारख्याच जोराचे झाले. वादनाच्या दृष्टीने ती मोठी सोय. पण जी मायनरची ती सावली त्यात पुसली गेली. माझा अंदाज असा की आजची संथ लय आणि भरपूर कंप ही त्या हरवलेल्या सावलीची भरपाई आहे. वाद्य जे आपोआप करत होते, ते वादक आता वेळ ताणून करतो.

एक बारीक गोष्ट इथेच सांगतो. बरोक वाद्ये आज बहुधा ए = ४१५ वर लावतात, आजच्या ४४० पेक्षा साधारण अर्धा सूर खाली. म्हणजे त्या फ्लूटचा जी आपल्या पेटीच्या काळी तीनवर येतो. तेव्हा ‘जी मायनरचा भाव’ म्हणताना कानावर पडणाऱ्या उंचीचा तो भाव नसतो. बोटे, छिद्रे आणि सुरांची आपसातली अंतरे यांचा तो भाव असतो.

उलट बाजूचा पुरावा

सिसिलियानोची चाल आणि दाटून आलेले दुःख यांचे वैर आहे असे मात्र कोणी समजू नये. बाखच्या सेंट मॅथ्यू पॅशनमध्ये पीटर येशूला नाकारतो आणि बाहेर जाऊन रडतो, त्यानंतरचे ‘एरबार्मे डिश’ हे गाणे बारा-आठमध्ये, याच झोक्यावर चालते. युरोपच्या संगीतात त्याहून दुःखी काही मला ठाऊक नाही. सी मायनरमधल्या व्हायोलिन सोनाटाचा (बीडब्ल्यूव्ही १०१७) पहिला भागही सिसिलियानो आहे आणि तोही जड अंतःकरणाचा. वादिकेने हीच दोन उदाहरणे माझ्यापुढे ठेवली, आणि बरोबर ठेवली.

पण ती उदाहरणे जवळून पाहिली की फरक दिसतो. ‘एरबार्मे डिश’मध्ये शब्द आहेत, प्रसंग आहे, दया मागणारा आवाज आहे. व्हायोलिन सोनाटाच्या भागाला लार्गो (अतिसंथ) हा शब्द जोडलेला आढळतो आणि स्वर सी मायनर, म्हणजे क्वांट्सच्या उदास यादीतला. जिथे भार हवा तिथे तो सांगितलेला दिसतो. आपल्या भागात ना शब्द, ना लार्गो, ना सी मायनर. दुसऱ्या टोकाला ख्रिसमस ओरॅटोरिओमधली मेंढपाळांची सिंफोनिया आणि हँडलच्या मसायामधला मेंढपाळांचा वाद्यभाग आहेत. झोका तोच, मेजरमध्ये, आणि भाव शांत आनंदाचा. सिसिलियानो ही या दोन टोकांमधली लांब पट्टी आहे. जी मायनरचा आपला भाग त्या पट्टीवर कुठे बसतो, एवढाच प्रश्न उरतो.

वाजवून पाहिले तेव्हा

आम्ही तीन लयी धरल्या: २७, ४० आणि ५३ झोके.

२७ वर पहिली फजिती श्वासाची झाली. चार बार एका दमात घ्यायचे तर अठरा सेकंद लागतात. ती मध्येच श्वास घेई, आणि मग ओळ अशा जागी तुटे की पुढचा स्वर पोरका वाटे. दुसरी अडचण माझ्या हातात होती. कीबोर्डवर हार्प्सिकॉर्डचा आवाज लावला होता. तार छेडली की नाद लगेच विरू लागतो, त्यामुळे विखुरलेल्या साथीचे स्वर सेकंदाला तीनहून कमी पडू लागले की ते एकमेकांना धरतच नाहीत. कॉर्ड, म्हणजे एकत्र मिळालेला स्वरसमूह, ऐकू येत नाही, टिपके ऐकू येतात. पियानोवर पेडल दाबून ही उणीव झाकता येते, आणि केम्फच्या रूपात ही लय का खपते ते तिथेच कळले.

५३ वर नृत्य लगेच दिसले. चार बार नऊ सेकंदांत संपत होते, श्वासाचा प्रश्न उरला नाही. पण साथीचे स्वर सेकंदाला पाचहून जास्त होऊन माझा उजवा हात शिलाई मारू लागला आणि फ्लूटची ती चिमुकली अर्धी मात्रा चिरडली जाऊ लागली. ज्या जागी हार्मनी (स्वरसमूहांची चाल) वळते, सावली पडते, त्या जागांवरून आम्ही पळत होतो. क्वांट्सचे ते वाचन मला पटले असले तरी या भागाला मी ते लावू शकलो नाही, हे इथे नोंदवायला हवे. त्याने सांगितलेली लय प्रकाराची होती. या विशिष्ट भागाची हार्मनी साध्या मेंढपाळी नाचापेक्षा दाट आहे.

४० वर चार बार बारा सेकंदांत आले, एका सावध श्वासात मावले. साथीचे स्वर सेकंदाला चार, नाद तुटत नव्हता. तिथून आम्ही एकेक आकडा चढवत ४२ वर थांबलो. दोनदा वाजवून झाल्यावर वादिका म्हणाली, “दुःखी नाही वाटत आता. आठवण आल्यासारखं वाटतं.” मॅथेसनची ओढ आणि समाधान एकत्र असण्याची गोष्ट मी तिला तोवर सांगितलेली नव्हती.

लय बदलल्यावर बाकी गोष्टीही बदलाव्या लागल्या. कंप तिने फक्त लांब स्वरांच्या शेवटाला ठेवला. मुरक्या जवळजवळ सगळ्या काढल्या. दीड मात्रेच्या स्वरावर वजन, अर्धी मात्रा हलकी आणि पुढच्या स्वराला चिकटलेली, तिसरी मात्रा उचलून सोडलेली. हे तिसऱ्या मात्रेचे सोडणे सर्वांत अवघड गेले, कारण संथ लयीत तिथे टेकायची सवय लागलेली असते. मी पेडल पूर्ण बंद केले आणि साथीचा प्रत्येक स्वर सारखा ठेवला, फक्त खालच्या सुराला थोडे वजन दिले. कीबोर्डवर वेर्कमाइस्टरची जुळणी लावून पाहिली. धातूच्या फ्लूटला काही जागी सूर वाकवावा लागला, पण शेवटच्या काही बारमध्ये कॉर्ड अधिक स्थिर बसल्या, म्हणून ती ठेवली.

भावाचा आणखी एक परिणाम सिसिलियानोच्या बाहेर झाला. त्याच्यामागून येणारा तीन-आठचा अलेग्रो, म्हणजे जलद भाग, पूर्वी उथळ वाटे, शोकसभेनंतर लगेच गाणे सुरू व्हावे तसा खटके. ४२ वर सिसिलियानो संपवून थोडा श्वास घेऊन अलेग्रो धरला की तीन मात्रांचा झोका तसाच पुढे चालू राहतो, फक्त पावले भराभर पडतात. अलेग्रोची लय आम्हाला वेगळी शोधावी लागली नाही.

लाकडी बरोक फ्लूट आणि खरे हार्प्सिकॉर्ड हाताशी असेल तर मी ४२ वरही थांबणार नाही. लाकडाचा स्वर धातूपेक्षा लवकर खाली बसतो आणि झाकलेले स्वर आपली सावली स्वतः घेऊन येतात, त्यामुळे ४४ ते ४६ झोके तिथे सहज पेलतील. धातूचा फ्लूट आणि पियानो असेल, सभागृह मोठे आणि घुमणारे असेल, तर ३८ पर्यंत खाली यायला माझी हरकत नाही. त्याखाली तीन मात्रांचा गट कानाला एक झोका म्हणून लागत नाही, तीन सुटे स्वर लागतात.